चाफ्याच्या बागेतला भुंगा

गेल्या चैत्रात मी आपल्या संकेतस्थळासाठी एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद करत होतो. लेखाचा विषय होता अनासक्ती, आणि त्यात 'उदासीन' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. हिंदी वाचताना तो कुठे खटकला नाही. मराठीत लिहायला बसलो आणि अडलो. मराठीत 'उदासीन' म्हटले की आपल्यासमोर कोण उभे राहते? ज्याला कशाचेच काही वाटत नाही, असा माणूस. 'मतदार उदासीन', 'प्रशासन उदासीन' असे मथळे आपण रोज वाचतो. मग गीतेच्या बाराव्या अध्यायात, आपल्याला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणे सांगताना भगवंतांनी हाच शब्द का वापरला असेल?

शब्दकोश उघडला. उद् म्हणजे वर किंवा बाजूला, आसीन म्हणजे बसलेला. दोन पक्षांच्या ओढाताणीत न पडता बाजूला बसलेला, तो उदासीन. अर्थ कळला, वाक्य लिहून झाले, मी पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. पण त्याच आठवड्यात मी स्वतः 'उदासीन' होण्याचा प्रयत्न करत होतो आणि तो पूर्णपणे चुकीचा होता. हे लक्षात यायला आमच्या अंगणातले चाफ्याचे झाड कारण झाले. आज त्याविषयीच सांगायचे आहे.

अंगणातला सोनचाफा

आम्ही इंदूरला राहतो. आजीचे माहेर वसईचे. लग्न होऊन ती इकडे आली त्याला साठ वर्षे झाली, तरी श्रावण लागला की तिला माहेरच्या परसातला सोनचाफा आठवतो. वसईची फुले आजही दादरच्या फूलबाजारात जातात. "तिकडे सकाळी दार उघडलं की आधी वास यायचा, मग उजेड," असे ती सांगते. म्हणून जुलै २०२१ मध्ये, मी बारावीत असताना, आमच्या भाड्याच्या घराच्या छोट्याशा अंगणात सोनचाफा लावायचे ठरले.

रोपवाटिकेत सांगितले, "कलमी आहे, दोन वर्षांत फूल." साध्या रोपापेक्षा कितीतरी जास्त, साडेचारशे रुपये मोजून मी ते रोप सायकलवर घरी आणले.

सोनचाफ्याला मुळाशी ओलावा लागतो, पण साचलेले पाणी त्याला सोसत नाही. इंदूरची काळी माती नेमकी उलटी. पावसात ती पाणी धरून बसते आणि उन्हात भेगाळते. म्हणून दोन फूट खोल खड्डा खणला, मुरूम, लाल माती आणि शेणखत मिसळून भरला आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडे उंचावर लावले. मे महिन्यात इथे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी लू वाहते. पहिले दोन उन्हाळे झाडावर हिरवी जाळी बांधली, बुंध्याभोवती वाळल्या पानांचा थर घातला. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. त्यातली संध्याकाळची एक बादली चाफ्याची ठरली. भाज्या धुतलेले पाणीही त्यालाच जायचे.

चाफा या एका नावाखाली आपण बरीच झाडे ओळखतो. देवळापुढचा पांढरा चाफा, ज्याचे पान तोडले की चीक येतो, तो मूळचा अमेरिका खंडातला आणि अगदी वेगळ्या कुळातला आहे. सोनचाफा मात्र मॅग्नोलियाच्या कुळातला. लिनिअसने १७५३ मध्ये त्याचे नाव मायकेलिया चंपका असे ठेवले होते, आता त्याला मॅग्नोलिया चंपका म्हणतात. फुलझाडांमधले हे फार जुने कूळ आहे. या कुळातल्या फुलांचे परागीभवन मुख्यतः लहान भुंगेरे करतात, आणि मधमाश्या पृथ्वीवर येण्याच्या आधीपासून ही व्यवस्था चालत आली असावी असे मानले जाते.

या झाडाची एक गोष्ट मी रोज पाहायचो. फांदीच्या टोकाला नवे पान येते ते एका टोपीसारख्या आवरणात गुंडाळलेले असते. पान उमलले की आवरण गळून पडते आणि फांदीवर एक बारीक गोल वळे मागे राहते. त्या वळ्यांवरून मी झाडाची वाढ मोजायचो. सोनचाफ्याची कळी पानाच्या बगलेत येते, म्हणून कॉलेजला निघण्याआधी एकेक बगल तपासायचो.

दोन वर्षे झाली. तिसरे सरले. कळी आली नाही. मग एकदा आमच्या गल्लीत बागकाम करणाऱ्या काकांनी बुंध्याशी बसून बोट फिरवले आणि म्हणाले, "भैया, यह कलम कहाँ है? जोड़ की गाँठ ही नहीं है. बीज का पौधा है." कलमाला दोन-तीन वर्षांत फूल धरते. बियांपासून वाढलेल्या सोनचाफ्याला सात-आठ वर्षे किंवा त्याहून अधिक लागू शकतात.

मी रोपवाटिकेत जाऊन भांडून आलो. उपयोग काही झाला नाही. पण त्या दिवसापासून माझे पाणी घालणे बदलले. आधी मी झाडाला पाणी देत होतो, आता मी त्याच्याकडून येणे वसूल करत होतो. बादली तीच होती, वेळही तीच. मनातला भाव मात्र उधारी थकवलेल्या माणसाच्या दारात उभे राहावे तसा झाला.

बारा दिवस

मार्च २०२५ मध्ये घरमालकांनी सांगितले की जूनअखेर घर रिकामे करा. त्यांचा दोष नव्हता, करार संपत होता. बाबांनी चौथ्या मजल्यावर एक फ्लॅट पाहिला. झाड खणून नेता येईल का, हे मी त्या काकांना विचारले. त्यांनी मान हलवली. या झाडाची मुळे मांसल असतात, एकदा चांगली पसरली की उपटणे त्यांना मानवत नाही. आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत नऊ फुटांचे झाड लावणार कुठे?

दुसऱ्या दिवसापासून मी चाफ्याला पाणी घालणे बंद केले.

इथे मला प्रामाणिकपणे एक कबुली द्यायची आहे. पाणी बंद करताना मला वाईट वाटले नाही. उलट थोडी प्रगती झाल्यासारखे वाटले. मी स्वतःला सांगितले, आता यात गुंतायचे नाही. झाड आपले नाही, जमीन आपली नाही, फूल तर नाहीच नाही. सोडून द्यायला शिकले पाहिजे. मी तेव्हा अनासक्तीवरचा तो लेख अनुवादित करत होतो, त्यामुळे शब्दही हाताशी होते. रात्री वहीत मी लिहिलेसुद्धा, "आज एक आसक्ती सुटली."

आठव्या-नवव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या. मी पाहिले आणि आत गेलो. बाराव्या दिवशी पहाटे लवकर जाग आली, तर अंगणात आजी. तिचे वय ७८, दोन्ही गुडघे दुखतात, पायरी उतरताना भिंतीला धरावे लागते. एका हातात भिंत आणि दुसऱ्या हातात तांदूळ धुतलेल्या पाण्याचे पातेले. ते ओतून ती पुन्हा आत आली, पुन्हा भरून घेऊन गेली. किती दिवस चालले होते कोण जाणे.

मी म्हणालो, "आजी, अगं आपण जाणार आहोत इथून. कशाला त्रास करून घेतेस?"

ती म्हणाली, "आपण भाड्याने राहतो ते झाडाला काय ठाऊक?"

मी तिला माझी अनासक्तीची बाजू समजावून सांगितली. चांगली दोन-तीन मिनिटे बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अस्सं. मग गेले दहा-बारा दिवस तू रागावल्यासारखा का वागतोयस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पातेले तिच्या हातातून घेतले.

हिशोब कोणाचा?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. आम्हाला बुडीत खर्चाचे तत्त्व शिकवतात. जो पैसा खर्च होऊन गेला आणि परत येणार नाही, त्याचा पुढच्या निर्णयात विचार करू नये. पुढे किती खर्च, पुढे किती लाभ, एवढेच पाहावे. हे तत्त्व बरोबर आहे. ते न कळल्यामुळे लोक बुडणाऱ्या धंद्यात आणखी पैसे ओततात. मी चाफ्याला हेच लावले होते. साडेचारशे रुपये गेले, चार वर्षांचे पाणी गेले. पुढे खर्च रोज एक बादली, लाभ शून्य. म्हणून बंद.

आकडेमोडीत चूक नव्हती. चूक त्याच्याही आधी झाली होती. हिशोब लिहिण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे ठरवावे लागते, हा आमच्या विषयातला अगदी पहिला धडा. मी खात्याच्या माथ्यावर माझे नाव लिहिले होते, म्हणून लाभाच्या रकान्यात शून्य दिसत होते. त्याच खात्यावर झाडाचे नाव लिहिले तर? त्या घरात पुढे येणाऱ्या कुटुंबाचे? फांदीवर बसणाऱ्या पाखरांचे? तीच बादली, तेच झाड, आणि शून्य कुठेच नाही.

आता अनासक्तीकडे पाहा. 'मला फळ नको' असे म्हणणाऱ्याने खरे तर खात्यावरचे आपले नाव खोडायला हवे. मी नाव तसेच ठेवले आणि काम खोडले. फळ माझे होणार नाही असे कळताच कर्म सोडले, याचा अर्थ चार वर्षे मी ते फळासाठीच करत होतो. पाणी बंद केले त्या दिवशी माझी आसक्ती सुटली नव्हती, ती दुखावली गेली होती. दुखावलेल्या आसक्तीला मी वैराग्याचे वस्त्र नेसवले, एवढेच.

आपल्यापैकी अनेकांना हा धोका ओळखीचा असेल. जो माणूस साधनेच्या मार्गावर नाही तो सरळ म्हणतो, "मला कंटाळा आला" किंवा "मला राग आला." आपण चार चांगले शब्द शिकलेले असतो. त्यामुळे आपला आळस 'समर्पण' होतो, रुसवा 'मौन' होतो आणि बेपर्वाई 'साक्षीभाव' होते. शब्द पवित्र आहेत म्हणून आपण त्यांच्या आत काय भरले आहे ते तपासत नाही.

नंदिग्रामातला भरत

अनुवाद अजून पूर्ण व्हायचा होता. पुढच्याच पानावर तुलसीदासांचा उल्लेख आला आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. राम वनात गेल्यावर भरत अयोध्येच्या वैभवाजवळ कसा राहिला, हे सांगताना रामचरितमानसाच्या अयोध्याकांडात तुलसीदास उपमा देतात ती चाफ्याच्या बागेतल्या भुंग्याची. भुंगा चाफ्याच्या फुलावर बसत नाही असा जुना कविसंकेत आहे. बाग बहरलेली, चहूकडे दरवळ, आणि भुंगा त्याच बागेत असूनही त्या सुगंधाला लुब्ध होत नाही. भरत तसा, रागरहित.

मी आधीही ही उपमा ऐकली असेल. तेव्हा मला त्यात फक्त 'न बसणारा' भुंगा दिसला असता. आता माझे लक्ष भरताने पुढे काय केले याकडे गेले. त्याने नंदिग्रामात राहून, रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून, चौदा वर्षे राज्य सांभाळले. वल्कले नेसला, कंदमुळांवर राहिला, पण राज्य वाऱ्यावर सोडले नाही. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडाच्या अखेरीस तो रामाला राज्य परत करतो, तेव्हा कोश, कोठार, नगर आणि सैन्य नजरेखालून घालायला सांगतो, आणि हे सारे आपण रामाच्या तेजाने दहापट केले आहे असेही सांगतो.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला याहून सुंदर ताळेबंद कुठे सापडणार? ज्याला राज्यातले काही नको होते, त्याच्या हातात कोश दहापट झाला. भरत भाडेकरूच होता. मुदत ठरलेली, मालक दुसरा, आणि फळ घ्यायचे नाही हे पहिल्या दिवसापासून नक्की. तरी एकही दिवस त्याने 'माझे काय जाते' म्हटले नाही.

मग मी बाराव्या अध्यायाकडे परत गेलो. 'उदासीन' ज्या श्लोकात आहे तो सोळावा. त्यात त्याच्या अगदी शेजारी दुसरा शब्द आहे, 'दक्ष'. इतके दिवस मी एकच शब्द उचलून त्याच्याशी झुंजत होतो. दोन्ही लक्षणे एकाच भक्ताची आहेत, एकाच ओळीत. दक्ष म्हणजे सावध, कामात चोख. उदासीन म्हणजे आपल्या लाभहानीच्या ओढाताणीतून बाजूला बसलेला. दक्षता नसेल तर उदासीनता ही निव्वळ बेपर्वाई, आणि उदासीनता नसेल तर दक्षता म्हणजे वसुली. चार वर्षे मी दक्ष होतो पण उदासीन नव्हतो. बारा दिवस मी उदासीन झालो असे समजलो, तेव्हा दक्ष राहिलो नाही, आणि खरे तर उदासीनही नव्हतो.

एक रास्त शंका

आमच्या रविवारच्या स्वाध्यायात हे मी बोललो तेव्हा एका ताईंनी विचारले, "पण सगळ्याच गोष्टींना शेवटपर्यंत पाणी घालत बसायचं का? एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते. फुलझाडाला बादली देणं हाही मोहच नाही का?"

प्रश्न रास्त आहे. माणसे तहानलेली असतील तर चाफ्याने थांबावे, यात मला शंका नाही. काही कामे सोडावीही लागतात. माझी परीक्षा असती, घरी आजारपण असते, तर मी कोणाला तरी सांगून ते काम सोडले असते. पण त्याला अग्रक्रम म्हणायचे, अनासक्ती नाही. मी सोडले तेव्हा पाणी कमी झाले नव्हते. भाज्या धुतलेले पाणी बारा दिवस मोरीत गेले, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

यावरून मला एक साधी कसोटी सापडली. एखादी गोष्ट सोडताना स्वतःला विचारावे की ती मी सोडतो आहे, की टाकून देतो आहे? सोडणारा माणूस ती गोष्ट पुढच्या हाती नीट पडेल हे पाहतो. टाकणारा माणूस पाठ फिरवतो आणि मागे वळून पाहत नाही, कारण पाहिले तर टोचेल. भरताने राज्य सोडले ते मोजून, दाखवून, हाती देऊन.

हे फक्त झाडाला लागू नाही. नोकरी सोडण्याआधीचा शेवटचा महिना आपण कसा घालवतो? जिथून बदली झाली आहे त्या शाळेतल्या मुलांना शेवटच्या आठवड्यात कसे शिकवतो? जे नाते आता पूर्वीसारखे राहणार नाही, त्यातल्या माणसाचा फोन आपण कसा घेतो? फळाची आशा संपल्यावर उरलेल्या त्या थोड्या दिवसांतच आपल्या कर्माची खरी जात दिसते.

अनुवादाचेही तेच आहे. अनुवादकाचे नाव लेखाखाली नसते. पहिल्या वर्षी मला ते लागायचे. कोणी वाचतही नसेल असे वाटले की मी घाईघाईत वाक्ये उरकायचो. म्हणजे बादली तिथेही होती आणि वसुलीही.

निरोप

त्या सकाळपासून चाफ्याला पुन्हा रोज पाणी मिळू लागले. करपलेल्या कडा हिरव्या झाल्या नाहीत, त्या होत नसतात. पण मेच्या मध्याला टोकाची टोपी गळून एक नवे पान निघाले. मधल्या बारा दिवसांची खूणही झाडाने ठेवली आहे. त्या जागी फांदीवरची दोन वळी अगदी जवळजवळ आहेत.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात नवे भाडेकरू घर पाहायला आले. तरुण जोडपे, कडेवर लहान मुलगी. मी एका कागदावर हिंदीत लिहून ठेवले होते. पावसात बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. उन्हाळ्यात संध्याकाळी एक बादली. वाळलेली पाने झाडून टाकू नका, मुळाशीच राहू द्या. मुळाजवळ खणू नका. शेवटची ओळ लिहायला मला थोडा वेळ लागला. हे कलम नाही, बियांचे झाड आहे, फुलाला अजून तीन-चार वर्षे किंवा जास्त लागतील. मला जे सांगितले गेले नव्हते, ते मी त्यांना सांगावे असे वाटले.

त्या ताईंनी कागद वाचला, झाडाकडे पाहिले आणि विचारले, "खुशबू कैसी होती है?" मी काही म्हणायच्या आत आजी पुढे झाली. आपल्या साठ वर्षांच्या इंदुरी हिंदीत वसईचा चाफा त्यांना सांगू लागली. सामान टेम्पोत चढेपर्यंत ती सांगतच होती.

अनुवादात 'उदासीन' हा शब्द मी तसाच ठेवला. त्यापुढे एक वाक्य जोडले, की हा शब्द गीतेत 'दक्ष' या शब्दाच्या शेजारी बसतो, त्याला एकटा वाचू नये.

या आठवड्यात आपणही एक प्रयोग करून पाहू या. जे काम, जी जागा किंवा जे माणूस आपल्या हातून लवकरच सुटणार आहे, त्याची एक गोष्ट आठवावी. तिथे आपली रोजची बादली चालू आहे की बंद पडली आहे ते पाहावे. बंद पडली असेल, तर त्यामागे आपण कोणता पवित्र शब्द लावला आहे तेही पाहावे. आणि मग शब्द बाजूला ठेवून बादली भरावी.